घरचा कूलर

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. पेपरात बातमी यायच्या आधीच मला तो कळतो. सकाळी सात वाजता दाराची कडी हाताला गरम लागते. नळाचं पाणी बादलीत पडतं तेच कोमट. समोरच्या कडुनिंबावर कावळे चोची उघड्या टाकून बसतात आणि त्यांना ओरडायचंही सुचत नाही. असं झालं की मला घरात बसवत नाही. पोर्चमध्ये जातो, परत येतो, फाटकाची कडी उगाच काढून उगाच लावतो. कूलरच्या टाकीत किती पाणी आहे ते वाकून बघतो. आत्ताच बघितलेलं असतं, तरी बघतो. हे लिहायला बसल्यापासूनसुद्धा एक चक्कर मारून आलो. टाकी अर्धी होती. अर्धीच असणार होती.

"तो कूलर पळून नाई जाऊन राहिला," विमल म्हणते. विमल म्हणजे माझी बायको. तिचे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

आम्ही आता नागपूरच्या कडेला, बेसाला राहतो, मुलाच्या घरी. संजयचा एसीचा धंदा आहे. विकायचे, बसवायचे, दुरुस्त करायचे. घरात खोलीगणिक एसी आहे, फक्त आमच्या दोघांच्या खोलीत खिडकीला जुना पत्र्याचा कूलर. विमलला एसीत गुडघे धरतात असं ती सांगते. मी सांगतो की मला वाळ्याचा वास लागतो. खरं कारण आवाज आहे. एसीची खोली फार गप्प असते. कूलरच्या पंख्याची घरघर आणि गवताच्या ताट्यांवरून गळणाऱ्या पाण्याची रिपरिप यांच्याशिवाय मला उन्हाळ्यात झोप लागत नाही. सारं आयुष्य त्या आवाजात गेलं. त्या आवाजामागे मी काय काय लपवलं, तेच आज लिहायला बसलो आहे.

इतवारीत माझं कूलरचं दुकान होतं. भांड्यांच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, पुढे दुकान आणि मागे पत्रा कापायची शेड. होळी जळली की आमची दिवाळी सुरू. शेडमध्ये सकाळपासून ठाणठाण चालायची. ताज्या रंगाचा, ओल्या गवताचा आणि वाळ्याचा वास असा मिसळायचा की जेवतानाही घासाला तोच वास. गिऱ्हाइकं मागच्या साली गंजलेल्या टाक्या हातठेल्यावर घालून आणायची. कोणाची मोटर जळलेली, कोणाचा पंप गाळानं बसलेला. "रामभाऊ, आज पायजेच. घरी लग्न आहे गा!" "रामभाऊ, सासूबाई आल्या आहेत, इज्जतीचा सवाल आहे!" चारी बाजूंनी माझं नाव ऐकू यायचं. मी एकाला पावती, दुसऱ्याला शिवी आणि तिसऱ्याला चहा देत उभा असायचो. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. त्याच्याइतकं सुख मला दुसरं कशात मिळालं नाही, हे आधी कबूल करतो. पुढचं त्याशिवाय समजायचं नाही.

आम्हा दुकानदारांत एक रीत होती. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी पानठेल्यावर भेटलो की जो तो आपापला डबा वर करून दाखवायचा. न उघडलेला डबा. "पाह्य, सकाळचा तसाच आहे. मरायले वेळ नाई." ज्याचा डबा भरलेला तो मोठा माणूस. ज्यानं जेवून घेतलं त्याची टिंगल. "काहून गा, धंदा बसला काय?" मी कितीतरी वेळा भूक लागलेली असूनही डबा उघडला नाही. समोसा खायचो आणि डबा भरलेला घरी न्यायचो. विमल तो ओट्यावर उघडायची. आंबलेली भाजी, कडक झालेल्या पोळ्या. काही न बोलता दारातल्या गाईपुढे टाकायची. सकाळी पुन्हा तितक्याच पोळ्या, तितकीच भाजी. ती पहाटे उठून कोणासाठी कणीक मळत होती, हा प्रश्न मला त्या काळात पडला नाही. गाय मात्र धष्टपुष्ट होती.

परवा इथल्या बागेत माझ्याच वयाचे काही जण भेटले. एक म्हणाला, "बिलकुल फुरसत नाही हो, सकाळी फिरणं, मग भजन, मग सोसायटीची मीटिंग." दुसरा लगेच म्हणाला, "माझं तर त्याहून." मला पानठेल्यावरचे डबे आठवले. म्हातारे झालो तरी डबा वर करून दाखवायची सवय गेलेली नाही. मीही म्हणालो, "मलाही वेळ नसतो." आणि घरी येऊन टाकीतलं पाणी बघितलं.

तर आमच्या घरात एक गोष्ट आहे. ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की आता गुळगुळीत झाली आहे. संजय ती दर वर्षी मार्चमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आधी, आपल्या माणसांना चहा-समोशाबरोबर सांगतो. मला शेजारी खुर्चीवर बसवतो. गोष्ट अशी: एका नवतप्यात बाबांच्या दुकानातला शेवटचा कूलर विकला गेला. इतवारीतल्या एका कापडवाल्याच्या मुलीचं लग्न, दुपारी वऱ्हाड यायचं, नवरदेवाच्या खोलीला कूलर द्यायचा बाबांनी शब्द दिलेला. मग बाबांनी काय केलं? आपल्या घरच्या खिडकीतला कूलर काढला, हातठेल्यावर घातला आणि पोचवला. मला आणि आईला मौद्याला मामाकडे पाठवलं, नदीकाठी थंड राहायला. आणि स्वतः त्या भट्टीसारख्या घरात एकटे झोपले. पण शब्द पाळला!

कामावरची मुलं टाळ्या वाजवतात. मी मान हलवतो. मान हलवायला फार मेहनत लागत नाही.

यंदा ही गोष्ट त्यानं अश्विनीला ऐकवली. अश्विनी म्हणजे माझी सून. शाळेत गणित शिकवते, कमी बोलते आणि बोलते तेव्हा हिशेबात बोलते. त्यांच्या खोलीतला एसी कित्येक दिवसांपासून गळतो आहे. खाली बादली ठेवलेली असते. माझी नात रेवा, दहा वर्षांची, त्या बादलीत कागदाच्या होड्या सोडते. "आबा, आमच्याकडे धरण आहे," ती मला म्हणाली. एसीवाल्याच्या घरी बादली! ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही आलं होतं, नंतर गेलं.

सकाळची वेळ. संजय नेहमीप्रमाणे उभ्यानं चहा पीत होता, एका हातात कप, दुसऱ्या हातात फोन. अश्विनी म्हणाली, "मी तुझ्या ऑफिसात कम्प्लेंट लिहून दिली."

"कशाची?"

"एसी गळतो म्हणून. तिथली मुलगी म्हणाली, मॅडम, वेटिंग आहे, नंबर लागला की माणूस येईल."

संजय हसला. "चांगली ट्रेनिंग दिली आहे मी तिला."

अश्विनी हसली नाही. "रेवाच्या वाढदिवसाचाही नंबर लावून ठेवू का? यंदाही तू केक कापून झाल्यावर आलास."

"अश्विनी, सीझन आहे ना. चार महिन्यांवर वर्ष चालतं आपलं. बाबांना विचार. घरचा कूलर काढून दिला होता त्यांनी. आई एक शब्द बोलली का? आनंदानं मौद्याला गेली. होय ना वं आई?"

विमल लोणच्यासाठी कैऱ्या पुसत होती. तिनं मान वर केली, संजयकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी कपातल्या चहाकडे बघितलं. "हाव," ती म्हणाली, "गेली होती ना." आणि पुढची कैरी उचलली.

 माझी गोष्ट एखाद्या जड कुलपासारखी अश्विनीच्या तोंडाला बसली, हे मला त्या क्षणी दिसलं. मुलांना समोशाबरोबर सांगितलेली गोष्ट तोवर निरुपद्रवी होती. आता ती घरात कामाला लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी असाच घरात येरझारा घालत होतो. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर बॅग. अश्विनी कपडे भरत होती. तिचं माहेर वर्ध्याला.

"जाऊन राहिली का वं पोरी?"

"हो बाबा, आठ दिवस जाऊन येते. रेवालाही सुट्या आहेत."

"जा, जा. आईला बरं वाटेल."

असं म्हणून मी वळणार, तेवढ्यात तिनं रेवाच्या फ्रॉकांखाली एक घडी केलेली वस्तू सरकवली. पिवळ्या रंगाची, प्लॅस्टिकची. रेवाचा रेनकोट. माझे पाय जागच्या जागी थांबले. बाहेर कडुनिंबाचं पान हलत नव्हतं, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि ती रेनकोट भरत होती.

दुसऱ्या कोणाला त्यात काही दिसलं नसतं. मला दिसलं, कारण एकदा ऐन नवतप्यात मला पेटीत स्वेटर सापडले नव्हते.

ती गोष्ट आता जशी घडली तशी लिहितो.

लग्न खरं. कापडवाला खरा. कूलर काढला हेही खरं. तेव्हा संजय आठ वर्षांचा, आम्ही महाल वस्तीत राहत होतो, वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. कूलर ओलाच काढला, जिन्याभर पाण्याची धार लागली. विमल दारात उभी होती. संजूच्या गळ्याभोवती घामोळ्यांचा लाल पट्टा. ती म्हणाली, "पोराले पाहून राहिले ना? लवकर आनून लावा." मी म्हणालो, "परवा. लग्न झालं की परवा." परवा झाला, आणखी परवा झाला. तो कूलर लग्नघरी आवडला, त्यांनी ठेवूनच घेतला. दुकानात नवे कूलर तयार होत होते आणि दारातूनच गिऱ्हाईक उचलून नेत होतं. ज्या खिडकीत कूलर होता तिथे चौकोनी भोक राहिलं. विमलनं तिथे चादर ओली करून टांगली. अर्ध्या तासात ती पापडासारखी वाळायची. ती परत ओली करायची.

आमच्या नवतप्यात दुपारी इतवारी मरून पडते. सकाळी जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे चिटपाखरू नसतं. शटर अर्धी ओढलेली, हातठेले सावलीला उभे करून त्यांच्याखाली माणसं झोपलेली. आमचं सांगणं मात्र एकच, सीझन आहे, दिवसभर गर्दी. मी त्या वेळात काय करायचो? दुकानाच्या मागच्या भागात गादी घातलेली होती. नवे कूलर गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी चालवून बघावे लागतात. ते मी दुपारी चालवायचो. डोक्याशी एक, पायाशी एक, बाजूला एक. मध्ये मी. शर्ट काढून, पोटावर ओला पंचा टाकून. डबा शेजारी, न उघडलेला.

त्या दुपारी फोन वाजला. शेजारच्या मास्तरांकडे फोन होता, तिथून विमल बोलत होती. "संजूचा घोळणा फुटला. रक्त थांबूनच नाई राहिलं. या ना घरी."

मी पडल्या पडल्याच बोललो. "कांदा हुंगव त्याले. डोक्यावर पाणी टाक."

"सगळं केलं. तुमी या ना."

"लय गर्दी आहे दुकानात. संध्याकाळी येतो."

 तिनं फोन ठेवला. मी कूस बदलली.

दुकानात कोणी नव्हतं. गल्लीत कोणी नव्हतं. सायकलनं घर जवळ होतं, गाणं गुणगुणत निघालो तर ते संपायच्या आत पोचलो असतो. मी गेलो नाही. का गेलो नाही, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे की प्रश्न झिजून गेला. आळस होता का? होता. ऊन होतं का? होतं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती सांगायला मला जास्त लाज वाटते. घरी गेलो की मी रामभाऊ नसायचो. तिथे कोणाला पावती द्यायची नाही, कोणाला शिवी नाही. तिथे रडणारं मूल, ओली चादर आणि विमलचे न बोललेले शब्द. तिथे मला काय करायचं ते येत नव्हतं. दुकानात येत होतं. ज्या जागी आपलं चालतं तिथे माणूस बसून राहतो आणि त्याला काम म्हणतो. संध्याकाळी खरीच गर्दी झाली. मला बरं वाटलं. आपण खोटं बोललो नव्हतो असं वाटलं.

पुढे एक दिवस घरी गेलो तर दाराला कुलूप. किल्ली मास्तरांकडे. मास्तरीणबाई म्हणाल्या, "विमल मौद्याले गेली, पोराले घेऊन." हे ऐकून मला काय वाटलं, तेही लिहितो. सुटल्यासारखं वाटलं. आता घरी जायलाच नको. मी भट्टीत झोपलो नाही. एक रात्रही नाही. दुकानात, तीन कूलरांच्या मध्ये, अंगावर चादर ओढून झोपलो. पहाटे थंडी वाजायची.

एकदा धुतलेले शर्ट घ्यायला घरी गेलो. शर्ट सापडेनात म्हणून पेटी उघडली. पेटीच्या तळाशी गरम कपडे असायचे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले. ती जागा रिकामी होती. संजूचा विटकरी स्वेटर, तिनं स्वतः विणलेला, एक बटण वेगळ्या रंगाचं. तिची शाल. तिचाही स्वेटर. नुसत्या गोळ्या घरंगळत होत्या. नवतप्यात कोणी स्वेटर घेऊन सुट्टीला जातं का? मी त्या पेटीवर बसलो. पत्रा इतका तापलेला की उठावं लागलं. खिडकीच्या चौकोनातून गरम हवा येत होती, टांगलेली चादर कडक होऊन हलत होती. ती हिवाळ्यापर्यंतच्या तयारीनं गेली होती. कदाचित त्याच्याही पुढच्या.

त्याच दिवशी मौद्याची बस धरली असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी पेटी बंद केली आणि दुकानात गेलो. एका गिऱ्हाइकाला संध्याकाळचा शब्द दिला होता.

हवा फिरली, मागणी तुटली, शेडमधली ठाणठाण थांबली, तेव्हा मी मौद्याला गेलो. आता तिकडे विजेचा मोठा कारखाना आहे, धुराडी दुरून दिसतात. तेव्हा रस्त्यावरून फक्त कन्हानचं पात्र दिसायचं आणि वाळूतल्या डांगरवाड्या, खरबुजांच्या. संजू तिथेच खेळत होता, काळा झालेला, आनंदात. माझ्याकडे बघून ओळखीचा पाहुणा आल्यासारखा हसला. विमल अंगणात कुरडयांचे डबे भरत होती. तिनं विचारलं, "सीझन संपला काय?"

"हो," मी म्हणालो.

"मंग चला. पोराची शाळा आहे."

एवढंच. परतीच्या बसमध्ये संजू खिडकीशी, विमल मध्ये, आणि स्वेटरांची पिशवी माझ्या मांडीवर. उकाडा असा की अंगाची चिकचिक थांबेना, आणि मांडीवर लोकरीचं ओझं. नागपूर येईपर्यंत मी ती पिशवी खाली ठेवली नाही. ठेव असं तीही म्हणाली नाही.

जिन्यात मास्तरीणबाई भेटल्या. विमलच म्हणाली, "यायनंच पाठवलं होतं. कूलर नव्हता ना घरी." मी मागे पिशवी घेऊन उभा होतो. मी तेव्हा गप्प राहिलो. त्या जिन्यात ही गोष्ट जन्मली आणि मी तिला माझ्या गप्पपणावर वाढवलं.

रेनकोट बघितला त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी संजय उभ्यानं चहा प्यायला लागला तसा मी म्हणालो, "बस."

"बाबा, गाडी उभी आहे बाहेर."

"बस म्हटलं ना बे."

तो बसला. मी सांगायला लागलो. वाईट सांगितलं. आधी शेवट सांगितला, मग मधलं, मग पुन्हा फोनवर आलो. तो मध्येच म्हणाला, "थांबा. म्हणजे गर्दी नव्हती?"

"नव्हती."

"मग काय करत होते तुम्ही?"

"लोळत होतो. तीन कूलर लावून."

तो माझ्याकडे बघत राहिला. पन्नाशीला आलेला माणूस, केस कानाशी पांढरे, आणि तोंड आठ वर्षांच्या मुलाचं. "मला आठवतं ते," तो म्हणाला. "आईचं लुगडं पूर्ण लाल झालं होतं. मला वाटायचं, बाबा येऊ शकत नाहीत, बाबांना किती काम आहे. मी ते अभिमानानं सांगायचो शाळेत." मग आवाज चढला. "आणि मी हे दर वर्षी पोरांना सांगतो! समोसे खाऊ घालून! काहून नाई सांगितलं इतकी वर्षं?"

'वेळ नाही मिळाला' हे माझ्या जिभेवर आलं होतं. देवाशपथ, आलं होतं. मी ते गिळलं.

"अश्विनीच्या बॅगेत रेवाचा रेनकोट आहे," मी म्हणालो. "पाहिला काय तू?"

"रेनकोट? त्याचं काय?"

"आठ दिवसांत पाऊस येतो काय आपल्याकडे?"

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला. अश्विनी बाहेर आली नाही. संजय एकदा त्या दाराकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.  शेवटी विमलच बोलली, कैरीच्या फोडींना मीठ चोळता चोळता.

"मले तवाच माहीत होतं."

"काय?" मी विचारलं.

"गर्दी नाई म्हनून. फोनात नुसता कूलरच ऐकू येत होता. मानसाचा आवाजच नाई." तिनं बरणी हलवली. "गर्दी असली की तुमी फोनवर ओरडता. त्या दिवशी झोपेत बोलल्यावानी बोलून राहिले होते."

"मग सांगितलं काहून नाई संजूले?"

"काय सांगू? तुहा बाप थंड्या हवेत लोळून राहिला म्हनून?" ती म्हणाली. "पोरगं रोज विचारे, बाबा कवा येतील. काहीतरी सांगा लागे ना बाप्पा."

संजय उठला. कप टेबलावर ठेवला, भरलेलाच. चपला घातल्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि कोपऱ्यावरून वळल्याचाही. मी मनात म्हणालो, झालं. मी त्याला जे शिकवलं तेच तो करतो आहे. त्या सकाळी मी किती येरझारा घातल्या ते सांगत नाही. अश्विनी आपल्या खोलीत होती, दार लोटलेलं. रेवा मला म्हणाली, "आबा, तुम्ही वॉक घरातच करता का?"

ऊन डोक्यावर आलं तशी गाडी परत आली. संजय शिडी आणि हत्यारांची पेटी घेऊन आत आला. सरळ आपल्या खोलीत. मी दारापाशी गेलो. शिडी लावून तो एसीचं झाकण उघडत होता.

"नंबर लागला वाटतं आमचा," अश्विनी म्हणाली.

"हो मॅडम."

पाइपात साचलेलं काळं पाणी भसकन त्याच्या डोक्यावर आलं. रेवा टाळ्या पिटून हसली, "धरण फुटलं!" अश्विनी हसली नाही, पण शिडी हलत होती ती तिनं धरली. संजयचा फोन वाजायला लागला. त्याचे दोन्ही हात वर. तो म्हणाला, "रेवा, खिशातला फोन काढ आणि फ्रीजवर ठेव." फोन फ्रीजवर थरथरत राहिला, सरकत सरकत कडेला आला. मीच जाऊन आत ढकलला. वाजणारा फोन उचलायचा नाही, हे मला जड गेलं, त्याला किती गेलं असेल!

वरूनच त्यानं विचारलं, "वर्ध्याची तिकिटं किती काढली?"

"दोन."

"तिसरं मिळेल?"

अश्विनीनं शिडी सोडली नाही. "सीझन आहे," ती म्हणाली. "वेटिंग असेल. नंबर लागला तर बघू."

त्यानं वरून तिच्याकडे बघितलं. नाकाच्या शेंड्यावरून काळं पाणी ठिबकत होतं. "मी थांबतो वेटिंगमध्ये," तो म्हणाला.

तिथून मी निघून आलो. नंबर लागेल का, मला ठाऊक नाही. एक दुपार म्हणजे सीझन नव्हे. उद्या सकाळी तो पुन्हा उभ्यानं चहा पिईल, कदाचित बसून पिईल. रेनकोट अजून बॅगेत आहे की परत कपाटात गेला, हे बघायला मी निघालो होतो, दारापर्यंत गेलोही. मग परत फिरलो. ते बघणं माझं काम नाही.

आता दुपार आहे. खोलीत कूलर चालू आहे. विमल पलंगावर पाय लांब करून बसली आहे, गुडघ्यांना तेल लावते आहे. मी टाकीतलं पाणी बघायला उठलो तशी ती म्हणाली, "काहून येरझारा मारून राहिले? बसा ना इथं."

मी बसलो. पंखा घरघरत होता, ताट्यांवरून पाणी गळत होतं. चाळीस वर्षांत मी हा आवाज लाखो वेळा ऐकला असेल, पण मोटर ठीक आहे का, पंप चढतो आहे का, एवढंच त्यात ऐकलं. आज पहिल्यांदा दुसऱ्या टोकानं ऐकला. हातात फोन धरून, पदराला रक्त लागलेलं, एक बाई हा आवाज ऐकते आहे, आणि त्यात माणूस कुठे आहे ते शोधते आहे. बराच वेळ मी तसाच ऐकत राहिलो.

"नुसता कूलर काय ऐकून राहिले?" विमल म्हणाली. "बोला ना काही."